पुनवेची भरती

दर्पणला फोटो सुचेनासे होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्याने मोटरसायकलला जेवढं पेट्रोल पाजलं, तेवढ्यात एखादा माणूस हिमालय बघून परत आला असता. पहिली पाळी तीन वाजता सुटायची. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट खुंटीला अडकवायचा, कॅमेऱ्याची पिशवी पाठीला लावायची आणि बोईसरच्या रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत किनारा गाठायचा, हा त्याचा रोजचा नेम. एक दिवस केळव्याला, दुसऱ्या दिवशी शिरगावला, तिसऱ्या दिवशी माकुणसारच्या खाडीवर. सगळीकडे तेच व्हायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, बोट बटणावर ठेवायचं आणि मनात यायचं, हा तर माझ्याकडे आहे. केळव्याची सुरूची झाडं आहेत, त्यातही ढग याहून चांगले. खाडीवरचे बगळे आहेत, तेही उडताना. मग तो कॅमेरा खाली घ्यायचा आणि पुढच्या जागी पळायचा. जणू तिथे फोटो त्याच्यासाठी ताटकळत उभा होता.

त्याने उपायही कमी केले नाहीत. मोबाइलवर फुकट ज्ञान वाटणाऱ्या मंडळींपैकी एकाने सांगितलं, महिनाभर एकच लेन्स वापरा. दुसऱ्याने सांगितलं, रंग सोडा, काळं-पांढरं बघायला शिका. तिसरा म्हणाला, पंधरा दिवस कॅमेऱ्याला हात लावू नका, भूक आपोआप लागेल. हा तिसरा उपाय दर्पणने दीड दिवस पाळला. त्या दीड दिवसात त्याने घरातले सगळे स्क्रू घट्ट केले आणि पंख्याची पाती दोनदा पुसली.

"तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे," हेमांगी, त्याची बायको, एकदा म्हणाली. "कोथिंबीर आणायला पाठवलं तर तू केळव्याला जाऊन येतोस, आणि कोथिंबीर विसरतोस ती विसरतोसच."

तिचं खोटं नव्हतं. पण हे सगळं त्याने गुपचूप सोसलंही असतं, जर कॅलेंडर नसतं.

दर्पणचं गाव तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडावर. तिथल्या मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर दर वर्षी निघायचं. वर एक मोठा फोटो आणि खाली बारा महिन्यांची पानं. प्रत्येक तारखेखाली तिथी आणि भरती-ओहोटीच्या वेळा. गावातल्या प्रत्येक घरात ते असायचं आणि प्रत्येक बोटीच्या केबिनमध्येही. गेली सहा वर्षं वरचा फोटो दर्पणचा होता. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याचे दोन फोटो लागले होते, मोबाइलवर हजारो लोक त्याच्या फोटोंना बदाम पाठवायचे, पण गावाबद्दल त्याचं मत कडवट होतं. गावाला खालच्या वेळा हव्यात, असं तो म्हणायचा. वर माझा फोटो असला काय आणि टूथपेस्टची जाहिरात असली काय, कोण बघतो?

तरीही कॅलेंडर सोडायची त्याची तयारी नव्हती. सातव्या वर्षी तिथे दुसऱ्या कुणाचा फोटो लागला, तर आपलं संपलं हे आपल्याला रोज भिंतीवर वाचायला लागेल, अशी त्याला भीती होती.

नोव्हेंबर लागला तसे सोसायटीचे सेक्रेटरी कुंदनकाका यांचे फोन सुरू झाले. "फोटू दे रे बाबा. प्रेसवाला माझ्या डोक्यावर बसलाय." दर्पण उद्याचा वायदा करायचा. उद्या उजाडायचा आणि मावळायचा. शेवटी काकांनी निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारपर्यंत नाय आला तर प्रेसवाला त्याच्याकडचा कुठलातरी टाकेल. नारळाचं झाड नि सूर्य. मग मला बोलू नको."

रविवारी दुपारी दर्पणने लॅपटॉप उघडला. तीन वर्षांपूर्वीचा, कधीच न वापरलेला एक फोटो त्याने शोधून काढला. पहाटेचा धक्का, पाणी खांबांना भरून लागलेलं, बोटी तरंगताहेत, पलीकडे समुद्र. फोटो नीटस होता, पण वरचं आभाळ रिकामं. मग त्याने दुसऱ्या फोल्डरमधून पूर्ण चंद्र आणला आणि समुद्राच्या कडेवर, मावळतीला ठेवला. पाण्यावर उजेडाचा एक पट्टा ओढला. अर्ध्या तासात काम झालं. चंद्र माझा, समुद्र माझा, मग यात खोटं ते काय, असं त्याने स्वतःला समजावलं. समजावायला लागलं, यातच काय ते आलं.

हेमांगी मागून डोकावली. "सुंदर आहे. कधी काढलास?"

"पहाटे," तो म्हणाला. कुठल्या वर्षीच्या, ते तिने विचारलं नाही.

कुंदनकाकांनी तीन अंगठे पाठवले. दर्पण त्या दुपारी कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. सोमवारी मात्र तळमळ दामदुपटीने परत आली आणि तो पुन्हा किनाऱ्याकडे पळाला.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी त्याची आई दारात उभी राहिली. मंजुळा आठवड्यातून दोनदा बोईसरच्या बाजारात मासे विकायला यायची, पण टोपली रिकामी झाली की थेट घरी जायची. मुलाच्या भाड्याच्या खोलीवर ती येई ती सणाला. आज ती आली, टोपली बाहेर ठेवली, हातपाय धुतले आणि पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसली.

"बाबांनी प्रूफ परत केला," ती म्हणाली. "कुंदनला सांगितलं, आता दुसरा कोन तरी बघ. माझ्यानं होनार नाय."

हे ऐकून दर्पण चाट पडला. कॅलेंडर छापायला जाण्याआधी त्याचं प्रूफ तपासायचं काम गेली वीस वर्षं कमलाकांत तांडेलांकडे, म्हणजे त्याच्या वडिलांकडे होतं. एका वर्षी प्रेसवाल्याने दोन महिन्यांच्या वेळांची अदलाबदल केली आणि भर ओहोटीत एक बोट वाळूच्या दांड्यावर चढली, तेव्हापासून. आता पोरांच्या हातात मोबाइल आले, सगळ्या वेळा त्यात दिसतात, तरी सोसायटी कमलाकांतांची पेन्सिल फिरल्याशिवाय छापत नसे. त्यांचं गणित साधं, बापजाद्यांपासून आलेलं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. पुनवेला आणि अवसेला बाराच्या पुढेमागे. तीनशे पासष्ट दिवसांच्या वेळा ते ओट्यावर बसून अशा बोटांवर तपासायचे, तीन दिवस लागायचे, आणि त्या तीन दिवसांत आई त्यांच्याशी बोलायचीसुद्धा नाही.

"तब्येत बरी नाही का त्यांची?"

"तब्येतीला काय झालंय? तुझ्या फोटूनं केलं सगळं." आईने पेला खाली ठेवला. "प्रूफ आला की आदी फोटू धक्क्यावर जातो. चौघं म्हातारे बसतात नि सांगतात, हा कुठल्या तिथीचा, किती वाजताचा. पैजा लागतात. सहा वर्सं झाली, तुझ्या बाबांचं एकदा पन चुकलं नाय."

दर्पण तिच्यासमोर बसला. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगायचं? दर वर्साला मी तुला इचारायची ना, फोटू कधी काढला रं? तू सांगायचा, मी जाऊन त्यांना सांगायची. मग ते दिवसभर धक्क्यावर मिरवायचे."

ती दर वर्षी विचारायची हे खरं होतं. आईने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, असं समजून तो तारीख आणि वेळ सांगून मोकळा व्हायचा. गाव आपले फोटो बघत नाही म्हणून जो माणूस सहा वर्षं कुरकुरत होता, त्याला आता कळत होतं की त्याचे फोटो इतक्या बारकाईने जगात दुसरीकडे कुठेच बघितले गेले नव्हते.

"मग या वर्षी?"

"या वर्साला जमला नाय त्यांना. चंद्र बघितला तर पुनव. समुद्रात बुडतोय म्हंजे पहाट. नि पुनवेच्या पहाटेला पानी कुठं असतं? पार खाली, नुसता चिखल. फोटूत तर खांब भरलेले. दोन दिवस तो कागद घेऊन बसले. बाकीचे हसले, म्हनाले, कमलाकांत, तुझं गनित गेलं. एक जन म्हनाला, पोराला तरी इचार. तर म्हनतात कसे, पोराचा फोटू चुकायचा नाय, तो तिथं उभा होता. चुकत असेन तर मी चुकतोय." आईचा आवाज बारीक झाला. "मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं, तुला ठावं हाय. पयलं पान्याची वेळ इसरले. शेवटी घराची कडी उघडता येईना. आता हे तेच धरून बसलेत. धक्क्यावर जात नाय. काल मला इचारलं, आज वार कुठला. वार ठावं होता त्यांना. माझ्याकडून पडताळून घेत होते."

दर्पणला बसवेना. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग त्याने आईला सगळं सांगितलं, जुना फोटो, दुसरीकडून आणलेला चंद्र, उजेडाचा पट्टा. हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिच्याकडे बघायचीही त्याची छाती झाली नाही.

आई ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती उठली आणि पदर खोचला. "चल," ती म्हणाली. "तुझ्या तोंडानं सांग त्यांना."

गावातल्या घरी कमलाकांत ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. सत्तरी ओलांडलेला, अजून खांद्याने रुंद माणूस, पण त्या दिवशी ते अंग चोरून बसल्यासारखे दिसले. दर्पणने पायरीवरच उभं राहून कबुली दिली. एका दमात, काहीही न लपवता.

म्हातारा शांतपणे ऐकत होता. मग हसला.

"आईनं पढवून आनलं तुला," ते म्हणाले.

"नाय बाबा. खरंच मी चंद्र वरून टाकलाय."

"असू दे रे. मला बरं वाटावं म्हनून सांगतोस, कळतं मला."

दर्पणने सोबत आणलेला लॅपटॉप घाईघाईने उघडला. मूळ फोटो दाखवला, चंद्र नसलेला. तारीख दाखवली. त्या दिवशी अष्टमी होती हेही दाखवलं. कमलाकांतांनी चष्म्यातून पडदा नीट न्याहाळला आणि मुलाच्या पाठीवर थोपटलं. "तुझ्या मशिनीत चंद्र घालता येतो, तर काढता पन येत असेल. तारीख पन बदलता येत असेल. येते ना?"

"येते," दर्पण म्हणाला. खोटं बोलायची त्याला आता सोय उरली नव्हती.

"मग? एवढं करू नको माझ्यासाठी. वय झालं की व्हायचंच."

खऱ्यावर विश्वास बसत नाही म्हणून माणसाने कुठे डोकं आपटावं? दर्पण अंगणात येरझारा घालायला लागला. जाळी वाळत घातलेल्या दांडीपर्यंत जायचं आणि परत. चौथ्या खेपेला तो थांबला. "बाबा, मी नवे फोटो आणतो. तिथी सांगणार नाही, वेळ सांगणार नाही. तुमी ओळखा."

"तू मला सोपे आनशील. नि मी कायपन सांगितलं तरी बरोबर म्हनशील."

"मी जाईन त्याच्यासंगं," मंजुळा दारातून म्हणाली. "मी तिथं उभी राहीन, नि बरोबर की चूक ते मी सांगीन."

यावर कमलाकांत कबूल झाले. मंजुळेला खोटं बोलता येत नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. खोटं बोलायला गेली की तिचा आवाज असा चढायचा की बाजारात गिऱ्हाईक आपणहून म्हणायचं, मावशी, मासा कालचा आहे वाटतं.

कुंदनकाकांनी प्रेसवाल्याच्या हातापाया पडून आणखी आठवडाभराची मुदत मिळवली. दर्पणने कंपनीत चार दिवसांची रजा टाकली. बुधवार ते शनिवार मायलेक दिवसातून दोन-तीनदा धक्क्यावर जायचे, कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी ऊन उतरताना. कमलाकांत त्या वेळी मागच्या खोलीत दार लावून बसायचे. घड्याळसुद्धा त्यांनी उलटं करून ठेवलं होतं, आणि तिथी कळू नये म्हणून चालू वर्षाचं कॅलेंडर मंजुळेने लपवून ठेवलं होतं. पण आज कुठली तिथी हे न कळायला ते काही तान्हं बाळ नव्हते. म्हणून दर्पणने ठरवलं की सगळे फोटो एकदम, पिसून द्यायचे, म्हणजे कुठला कुठल्या दिवसाचा ते फोटोवरूनच काढावं लागेल.

पहिल्या दिवशी सवयीने त्याने धक्क्याचे खांब चौकटीबाहेर ठेवले. खांबांना चिखल लागलेला, कालवं चिकटलेली, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. सहा वर्षं तो त्यांना कोपऱ्यात ढकलत आला होता.

"खांब कापू नको," आई म्हणाली.

"घाण दिसते गं ती."

"घान नाय, ओली हाय. पानी किती वर गेलं होतं ते त्यावरून कळतं. आनी त्या बोटीचा नांगराचा दोर घे. दोर ढिला की ताठ, ते बघतात बाबा. नाळ, बोटीचं तोंड, कुनीकडं हाय ते पन दिसू दे."

मग दर्पण चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत रुतला, कॅमेरा वर धरून खांबाच्या अगदी जवळ गेला. पाण्याची रेघ, कालवांची रांग, दोर, नाळ, सावली. यातलं एकही हुकलं तर बाबांचा हिशेब चुकेल आणि मग ते कायमचे त्या मागच्या खोलीत बसतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फोटो सुंदर येतोय का, हा आधी कुणी काढलाय का, हे विचारायला सवडच नव्हती. शनिवारी दुपारी, चौथ्या दिवशी, पायांवरचा चिखल खरवडताना त्याच्या लक्षात आलं की हा माझ्याकडे आहे, असं चार दिवसांत एकदाही मनात आलं नव्हतं. मग ते लक्षात आलेलंही तो विसरला, कारण आई हाका मारत होती.

रविवारी सकाळी बोईसरच्या स्टुडिओतून सहा फोटो कागदावर काढून आणले. मंजुळेने ते पत्त्यांसारखे पिसले आणि वरचा नवऱ्याच्या हातात दिला. कमलाकांतांनी तो उजेडाकडे धरला. मग दूर नेला, पुन्हा जवळ आणला, आणि दर्पणला वाटलं, संपलं, खरंच गेलंय सगळं, आणि मीच ते घालवलं.

"नाळ गावाकडं," म्हातारा पुटपुटला. "दोर ताठ. म्हंजे पानी उतरतंय. ओली... दीड हात, नायतर दोन. अडीच तास झाले भरती फिरून. पन ओली वरच्या कालवांपर्यंत गेली नाय. उधान नाय हे, भांगातलं पानी." बोट फोटोवरून सरकत होतं. "सावली आखूड. अकरा वाजले असतील. अकरातून अडीच गेले, साडेआठची भरती." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. "एकादशी."

त्यांनी बायकोकडे बघितलं. दर्पणनेही बघितलं.

"सुक्रवार. एकादशी," मंजुळा म्हणाली. "अकराला पाच मिन्टं कमी होती." तिचा आवाज जिथल्या तिथे होता.

दुसरा फोटो त्यांनी हिसकावूनच घेतला. नवमी, चारच्या सुमारास, पाणी चढतंय. बरोबर. तिसरा, दशमी, पण वेळेत अर्ध्या तासाची चूक, आणि त्यावरून ते मंजुळेशी भांडले की तुझंच घड्याळ पुढं असेल. सहावा फोटो खाली ठेवला तेव्हा ते ताठ बसले होते आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते.

"पेन्सिल आन," ते म्हणाले. "आनी तो प्रूफ. आज अर्धा तरी करतो. कुंदनला सांग, ह्यातला एकादशीचा फोटू वर टाकायला."

दर्पणने कुंदनकाकांकडून प्रूफ आणून दिलं. कमलाकांतांनी ते मांडीवर पसरलं, जानेवारीपासून सुरुवात केली. बोटांची पेरं मोजत पेन्सिलीचे टिंब पडायला लागले. एक, दोन, तीन तारखा. पाचव्या तारखेवर पेन्सिल थांबली. त्यांची नजर हळूहळू वर सरकली, कागदाच्या वरच्या भागात, समुद्रात बुडणाऱ्या त्या पूर्ण चंद्रावर. मग ते मुलाकडे वळले.

"म्हंजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"होय बाबा."

"म्हंजे तू मला खोटं दिलंस."

आठ महिन्यांत दर्पण पहिल्यांदा कुठेही न पळता एका जागी उभा होता. त्याला वडिलांसाठी रडू येईल इतका आनंद झाला होता आणि स्वतःची तेवढीच लाज वाटत होती.

"हो," तो म्हणाला.